शार्क धरायला जाताना आधी गळ विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेत मुलांकडे जाणारी बरीच मराठी कुटुंबं फ्लोरिडाला जातात. ओरलँडो पाहून झालं की समुद्रावरचा एक दिवस म्हणून शार्क धरायची खासगी बोट ठरवली जाते, आणि ती ठरते जाहिरातीतले फोटो पाहून. धक्क्यावर शेपटीने उलटा टांगलेला मासा, बाजूला हसरी माणसं. बोट निवडण्याची याहून वाईट रीत नाही. कॅप्टन जाणता आहे की नाही हे त्याचा गळ, त्याची तार आणि मासा सोडण्याची त्याची पद्धत यांवरून कळतं. हे सगळं आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी फोनवर विचारता येतं. त्यासाठी काय विचारायचं ते माहीत हवं.

आधी नियम थोडक्यात. अशा बहुतेक बोटींना तिकडे 'सिक्स-पॅक' म्हणतात, कारण तटरक्षक दलाचा त्या दर्जाचा परवाना असलेल्या कॅप्टनला पैसे घेऊन जास्तीत जास्त ६ प्रवासी नेता येतात. कडेवरचं मूलही त्यात मोजलं जातं. आजी-आजोबा धरून सात जण होत असतील तर ते बुकिंग करतानाच सांगा. नाहीतर धक्क्यावर कुणाला तरी मागे ठेवायची वेळ येते. परवानाधारक चार्टर (भाड्याच्या) बोटीवर पाहुण्यांना मासेमारीचा वेगळा परवाना काढावा लागत नाही, बोटीचा पुरतो. राज्याची हद्द अटलांटिकच्या बाजूला ३ आणि मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला ९ सागरी मैल. त्यापलीकडे जाणार असाल तर बोटीकडे केंद्राचा चार्टर परवाना आणि त्यावर शार्कची वेगळी नोंद हवी. राज्याच्या पाण्यात माणशी १ आणि अख्ख्या बोटीला २ शार्क, यातला जो आकडा कमी तेवढेच ठेवता येतात. ठेवायच्या माशाचं नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतचं माप किमान ५४ इंच हवं. ब्लॅकटिपसारख्या काही जातींना ही अट नाही. लेमन शार्क २०१० पासून, तर टायगर आणि हॅमरहेडच्या तीन मोठ्या जाती २०१२ पासून पूर्ण बंद आहेत. गळाला लागल्या तर पाण्यातल्या पाण्यातच सोडायच्या. 'हॅमरहेड वर घेऊन फोटो काढू' असं कबूल करणारा कॅप्टन नियम मोडायचं कबूल करत असतो.

आता गळ. आमिष लावून शार्क धरताना तिथे गोल वळणाचा, म्हणजे सर्कल हूक वापरणं सक्तीचं आहे. तो ऑफसेट नसावा आणि स्टेनलेस स्टीलचाही नसावा. यातली प्रत्येक अट माशाच्या जिवाशी बांधलेली आहे. मासा आमिष तोंडात घेऊन पाठ फिरवतो, दोरी ताणली जाते, गळ घशाकडून सरकत पुढे येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यावर वळून तिथे रुततो. कोपऱ्यात रुतलेला गळ काढता येतो. पोटात गेलेला काढता येत नाही आणि आतली इंद्रियं फाडतो. ऑफसेट गळाचं टोक एका बाजूला कललेलं असतं, त्यामुळे तो वाटेत घशातच अडकण्याचा धोका वाढतो. ओळखणं सोपं आहे: गळ सपाट फळीवर आडवा ठेवा. सगळा टेकला तर ठीक, टोक वर उचललेलं दिसलं तर ऑफसेट. साधा पोलादी गळ माशाच्या तोंडात राहिलाच तर काही काळाने गंजून पडतो, स्टेनलेस तसाच राहतो. चार-पाच फुटी ब्लॅकटिपसाठी ७/० ते ९/० आकाराचा गळ पुरतो. बुल शार्कची अपेक्षा असेल तर १६/० किंवा त्याहून मोठा लागतो.

पाहुण्यांची पहिली चूक इथेच होते. रॉड वाकला की माणूस जोरात झटका देतो. साध्या गळाला तसा झटका चालतो. सर्कल हुकात झटक्याने आमिष तोंडातून उपसलं जातं आणि गळ कुठेच रुतत नाही. रॉड होल्डरमध्येच राहू द्यावा, दोरी ताणून रीळ करकरू द्यावं आणि मग सावकाश गुंडाळायला लागावं.

गळाच्या मागची जुळणी तितकीच महत्त्वाची. शार्कचे दात नायलॉन क्षणात कापतात, म्हणून गळाला लागून तार हवी: ब्लॅकटिपला दीड फूट, मोठ्या माशाला दोन-तीन फूट जाड केबल. नुसत्या तारेने भागत नाही. शार्कची कातडी पॉलिशपेपरसारखी असते आणि वळताना मासा शेपटी दोरीवर आपटतो. त्यामुळे तारेच्या मागे जाड मोनोफिलामेंटचा (एकसंध नायलॉन धाग्याचा) लीडर, म्हणजे तार आणि मुख्य दोरी यांमधला तुकडा, माशाच्या लांबीपेक्षा मोठा ठेवतात. तो आखूड असला की मुख्य दोरी कातडीवर घासून तुटते, आणि मासा कित्येक फूट दोरी ओढत निघून जातो. ती दोरी पुढे कल्ल्यांभोवती किंवा खडकात अडकते. 'मोठा होता, तोडून गेला' अशा गोष्टींमागे पुष्कळदा आखूड लीडरच असतो.

दोरी आणि रीळ माशाच्या मापाचं हवं. ब्लॅकटिपला ५० ते ६५ पौंडांची वेणीची दोरी आणि मजबूत स्पिनिंग रीळ चालतं. बुल शार्कला ८० पौंडांच्या वर्गाचा रॉड आणि लिव्हर ड्रॅगचं रीळ. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरी किती जोराने सुटावी याचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. ८० पौंडांच्या दोरीला २० ते २५ पौंड. तो बोटाने अंदाजे नव्हे, ताणकाट्याने मोजून लावायचा असतो. मासा दूर पळाला की घाबरून ड्रॅग आवळण्याचा मोह होतो. खरं तर रिळावरची दोरी कमी झाली की गुंडाळीचा व्यास घटतो आणि त्याच ड्रॅगवर ताण आपोआप वाढतो. पाण्यात पसरलेल्या दोरीचं ओझं वेगळंच. अशा वेळी ड्रॅग किंचित सैल करायचा असतो. आवळला की दोरी तुटते.

ओढण्याची पद्धतही अशीच साधी. रॉड सावकाश वर घ्यायचा, खाली आणताना तेवढी दोरी गुंडाळायची. स्पिनिंग रिळावर दोरी सुटत असताना हँडल फिरवत राहिलात तर दोरीला पीळ पडत जातो आणि पुढच्या वेळी तिचा गुंता होतो. लीडर हाताशी आला की तो डेकहँडनेच, म्हणजे कॅप्टनच्या मदतनिसानेच धरायचा, जाड हातमोजे घालून, आणि हाताला पूर्ण वेढा न देता. कुटुंबातल्या कुणी उत्साहाने तार पकडायला जाऊ नये. मासा शेवटची धाव बोटीजवळ आल्यावरच घेतो आणि वेढ्यात सापडलेली बोटं वाचत नाहीत.

माझा सगळ्यांत मोठा आग्रह इथे आहे. 'हलक्या दोरीवर मोठा मासा' ही काही बोटींची जाहिरात असते. त्याचा अर्थ मासा तासभर झुंजत राहतो. शार्कच्या स्नायूंत आम्ल साठत जातं आणि सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसला तरी पुढच्या काही तासांत मरू शकतो. मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हॅमरहेड, ब्लॅकटिप, बुल, लेमन आणि टायगर या पाच जातींची तुलना प्रसिद्ध केली. गळाचा ताण टायगरने सर्वांत चांगला सोसला, हॅमरहेडने सर्वांत वाईट. ब्लॅकटिपही नाजूक बाजूलाच निघाला. म्हणून मोठ्या माशाला जड साहित्य लावून झुंज आटोपती ठेवणारा कॅप्टन हाच खरा जाणकार. मे-जूनमध्ये फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोका ग्रँड पासमध्ये टार्पन माशांच्या मागे मोठे हॅमरहेड येतात. तिथे मुद्दाम हॅमरहेडसाठीच नेणारी बोट टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मासा बोटीशी आला की लांब दांड्याचा डीहूकर (गळ काढायचं साधन) आणि बोल्ट कटर हाताशी हवेत, पेटीच्या तळाशी नव्हेत. तार किंवा गळ झटकन कापता येईल असं साधन बाळगणं नियमानेच बंधनकारक आहे. गळ कोपऱ्यात दिसला तर काढायचा, दिसत नसेल तर तार शक्य तितकी तोंडाजवळ कापायची. बोट अगदी मंद पुढे चालू ठेवली की पाणी कल्ल्यांतून वाहतं आणि मासा सावरतो. फोटो काढायचा तो त्याच वेळी, मासा पाण्यात असताना, काठावरून वाकून. मोबाईलला गळ्यातली दोरी लावून. मासा डेकवर घेतला की काय होतं ते समजून घ्या: शार्कला छातीचा पिंजरा नसतो, पाण्याबाहेर त्याच्याच वजनाने आतली इंद्रियं दाबली जातात. शेपटीने टांगला तर मणक्याचे सांधे ताणले जातात. भिंतीवर लावायला मासा हवाच असेल तर माप आणि फोटोवरून फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती करून मिळते. जबडा बॅगेत घालून मुंबईला आणण्याचा विचारही करू नये. ब्लॅकटिप आणि बुल ज्या कुळातल्या, ते अख्खं कूळ नोव्हेंबर २०२३ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं आणि विमानतळावर कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो.

पाण्यावर कॅप्टन काय करतो तेही पाहा. गोठवलेल्या माशांचा ठोकळा जाळीच्या पिशवीत घालून मागे सोडला की तेलाचा पट्टा प्रवाहाबरोबर दूर जातो आणि शार्क त्या वासाने वर येतात. वारा आणि प्रवाह एकाच दिशेचे असतील तर पट्टा सरळ जातो. उलटे असतील तर बोट फिरते, पट्टा बोटीखालीच पसरतो, गळांचा गुंता होतो. तेव्हा जागा बदलावी. आमिष ताजं आणि रक्ताळलेलं हवं: बोनिटो, जॅक किंवा मलेट, म्हणजे आपली बोय. एक गळ फुग्याला बांधून वर दहा फुटांवर, एक शिसं लावून तळाशी, अशी मांडणी असते. मोठा मासा लागल्यावर नांगराची दोरी तिला बांधलेल्या तरंगत्या खुणेसकट सोडून देऊन माशामागे जाता आलं पाहिजे. ती सोय नसेल तर रिळावरची सगळी दोरी संपते आणि नुसतं बघत बसावं लागतं.

मालवणी, कोकणी घरांत मोरीचं मटण आवडीने होतं, तेव्हा खायला एखादा ठेवू असं वाटणं स्वाभाविक आहे. ठेवायचा तर लहान ब्लॅकटिप. शार्कच्या रक्तात आणि मांसात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणून लगेच रक्त काढून, पोट साफ करून मासा बर्फात घालावा लागतो. डोकं, शेपटी आणि पर मात्र धक्क्याला लागेपर्यंत तसेच ठेवायचे, तो कायदा आहे. बोटीवर पुरेसा बर्फ आहे का हे निघण्याआधीच विचारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाऱ्यामुळे शार्कला गरोदर आणि स्तनदा स्त्रिया व लहान मुलांनी टाळायच्या माशांत टाकलं आहे. नातवंडांच्या ताटात तो वाढू नये.

उन्हाळ्यात दुपारी तिथे विजांसह वादळं उठतात, म्हणून सकाळची चार तासांची फेरी घ्या. ब्लॅकटिपच खास पाहायचे असतील तर जानेवारी ते मार्च या काळात पाम बीचच्या किनाऱ्याजवळ त्यांचे मोठे थवे येतात. मळमळीची गोळी बोट सुटण्याआधी तासभर घ्यावी; उलटी सुरू झाल्यावर घेतलेली टिकत नाही. पैसे बोटीचे असतात, माणशी नसतात. इंधन, आमिष आणि बर्फ त्यात धरलं आहे का ते विचारून घ्या. हवामानामुळे कॅप्टनने फेरी रद्द केली तर आगाऊ रक्कम परत मिळते का, हे लेखी घ्या. डेकहँडला भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिशी देण्याची तिथे रीत आहे. ती रोख द्यावी आणि मासा मिळाला नाही तरी द्यावी. गळ, तार आणि आमिषाचं सगळं काम त्यानेच केलेलं असतं.

आपला,
एक वाचक, टॅम्पा (फ्लोरिडा)