ई-रीडरवर मराठी ईपब फाइल तुटक दिसत असल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा सहा इंची ई-रीडर मी जून महिन्यात ६,४९९ रुपयांना घेतला, तो खोक्यावर ‘मराठी मजकूर वाचता येतो’ असे छापलेले पाहून. वडिलांनी वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी युनिकोडमध्ये (संगणकासाठीच्या प्रमाण अक्षर-संकेतात) टंकित केल्या आहेत. आईला आता बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्या मोठ्या अक्षरांत तिच्या हाती द्याव्यात, एवढाच हेतू होता.

वर्डची फाइल मी कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरने ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, रूपांतरित केली. संगणकावर ती निर्दोष दिसते. आपल्या ई-रीडरवर मात्र ‘स्थिती’मधला ‘स’ पायमोडका होऊन एकटा उभा राहतो आणि ‘स्थ’च्या आधी यायची ऱ्हस्व वेलांटी ‘थ’नंतर येऊन ‘त’ला चिकटते, ‘सर्व’मधला रफार तर वर चढतच नाही. पहिले पान पाहून आईने ‘हे टाइप कोणी केलंय?’ असे विचारले, तेव्हा उत्तर मला द्यावे लागले, आपल्याला नाही.

फाइलमध्ये फॉन्ट अंतर्भूत करूनही फरक पडला नाही. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरात बिघडतो हे मला ठाऊक आहे आणि तसे असते तर मी आपल्याला दोष दिला नसता. पण हीच फाइल संगणकावर नीट उघडत असताना बिघाड ई-रीडरच्या अक्षरजुळणीत आहे, असेच म्हणावे लागते.

आपल्या प्रतिनिधींनी ‘पीडीएफ करून वाचा’ असे सुचवले. पीडीएफमध्ये जोडाक्षरे शाबूत राहतात, हे खरे. परंतु २१० मिलिमीटर रुंदीचे ए-४ पान सुमारे ९० मिलिमीटरच्या पडद्यावर बसवले की १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ५ पॉइंटचे उरते. अखेर पानच लहान आखून मी नवी पीडीएफ बनवली आणि सध्या आई तीच वाचते आहे, तथापि अक्षर थोडे वाढवायचे झाले तरी मला पुन्हा संगणकापुढे बसावे लागते.

ही त्रुटी दूर करणारे अपडेट कधी मिळेल, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे; ते शक्य नसल्यास ई-रीडर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. मूळ फाइल, संगणक व ई-रीडर या दोन्हींवरील त्याच पानाची छायाचित्रे आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक