मोटारसायकलचे रडार आधी मागे पाहणारे हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत मोटारसायकलींच्या अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलची, म्हणजे समोरच्या वाहनाप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेची, ओळख करून देणारा लेख वाचला. माहिती सोप्या भाषेत दिली होती, त्याबद्दल आभार. मात्र लेखात या सोयीला एबीएसच्या पंक्तीत बसवून सुरक्षा उपकरण ठरवले आहे, ते पुणे-बेंगळुरू महामार्गावर अनेक वर्षे मोटारसायकल चालवत असलेल्या माझ्यासारख्या वाचकाला पटले नाही. एबीएस चाक जाम होऊ न देता चालकाने दाबलेला ब्रेक सांभाळून घेते. ही यंत्रणा मात्र ब्रेक कधी लावायचा हेच चालकाच्या आधी ठरवते. दोन्हींना एकच माप लावता येणार नाही.

साधे क्रूझ कंट्रोल ठरवून दिलेला वेग राखते. अ‍ॅडॅप्टिव्ह प्रकारात पुढे बसवलेले रडार समोरच्या वाहनाचे अंतर व वेग मोजत राहते. ते वाहन मंदावले की यंत्रणा इंजिनाची ओढ कमी करते, गरज पडल्यास ब्रेक लावते आणि रस्ता मोकळा होताच आधीच्या वेगावर परत येते. २०२० च्या अखेरीस डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही४ ही पुढे आणि मागे रडार असलेली पहिली उत्पादित मोटारसायकल आणली. पाठोपाठ बीएमडब्ल्यूची आर १२५० आरटी, केटीएमची १२९० सुपर अ‍ॅडव्हेंचर एस आणि कावासाकीची निन्जा एच२ एसएक्स एसई आली. या सगळ्यांमागचे तंत्र बॉश या जर्मन कंपनीचे आहे. अशा यंत्रणांमुळे दुचाकींचा दर सातांतला एक अपघात टळू शकेल, असा बॉशचा स्वतःचा अंदाज आहे. मात्र हा अंदाज जर्मनीतल्या अपघातांवरून बांधलेला आहे आणि त्यात अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलसोबत धडकेचा इशारा व आरशात न दिसणाऱ्या वाहनाचा इशारा हेही धरलेले आहेत. जाहिरातीत हा तपशील सहसा गळतो.

रायडरमंडळींत याबद्दल दोन तट आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. माझा एक भाचा स्टुटगार्टला नोकरी करतो आणि सुट्टीत अशा मोटारसायकलवर लांबच्या फेऱ्या मारतो. त्याच्या मते ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या द्रुतगती मार्गावर, तासन्‌तास थ्रॉटल (वेग देणारी मूठ) धरून मनगट बधिर होते, तिथे ही यंत्रणा फार उपयोगी पडते. पुढच्या गाडीच्या वेगाशी सतत जुळवून घेण्याचा शीण वाचतो आणि लक्ष रस्त्याकडे राहते. तोच भाचा ब्लॅक फॉरेस्टच्या वळणांचा रस्ता लागला की ती बंद करतो. आमच्या इकडच्या जुन्या रायडरांचा आक्षेप याहून मुळातला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मोटारसायकलचा तोल थ्रॉटल आणि ब्रेक यांवरच चालतो, आणि तोच हातातून गेला तर चालवायचे काय उरले? मला हा आक्षेप थोडा भावनिक वाटतो, कारण यंत्रणा बंद करण्याचे बटण अंगठ्याखालीच असते आणि ब्रेकला हात लागताच ती आपणहून बाजूला होते. पण त्या भावनेखाली एक खरा तांत्रिक मुद्दा दडलेला आहे, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे.

मोटारीतला चालक पट्टा बांधून खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे यंत्राने अचानक ब्रेक लावला तरी फार तर त्याची मान पुढे जाते. दुचाकीस्वाराचे तसे नसते. ब्रेक लावण्याआधी तो नकळत गुडघ्यांनी टाकी आवळतो, कोपर थोडे ताठ करतो, वजन मागे घेतो. आणि ही तयारी ब्रेक आपण लावणार आहोत हे त्याला ठाऊक असल्यामुळेच होते. तयारी नसताना ब्रेक लागला तर शरीराचा भार हँडलवर येतो, आणि मोटारसायकल वळणात झुकलेली असेल तर तेवढ्यानेही ती ठरलेली रेषा सोडू शकते. म्हणून उत्पादकांनी या यंत्रणेची ब्रेक लावण्याची आणि वेग वाढवण्याची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवली आहे, आणि मोटारसायकल जितकी जास्त झुकेल तितकी ती ताकद आणखी कमी केली जाते. हा निर्णय शहाणपणाचाच आहे. पण त्याचा सरळ अर्थ असा की जोरात ब्रेक लावण्याची खरी वेळ येते तेव्हा काम चालकालाच करायचे असते. शिवाय बीएमडब्ल्यूने आर १२५० आरटीबाबत स्पष्टच सांगितले आहे की तिची यंत्रणा उभ्या वाहनांना, म्हणजे सिग्नलला थांबलेल्या किंवा कोंडीत अडकलेल्या गाड्यांना, प्रतिसाद देत नाही.

उभ्या वाहनांचा हा मुद्दा आमच्या भागात गौण नाही. गळीत हंगामात कराड, सांगली, कोल्हापूरच्या कोणत्याही रस्त्यावर रात्री निघा. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर माणसाच्या धावण्याच्या वेगाने चाललेला असतो, मागे ना दिवा ना परावर्तक पट्टी. त्यातली एखादी ट्रॉली पंक्चर होऊन डाव्या लेनमध्येच उभी असते आणि तिच्या मागे इशारा म्हणून चार दगड मांडलेले असतात, जे निघताना कोणी उचलत नाही. उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्यांची आणि डिव्हायडर फोडून केलेल्या वाटांची तर आपल्याला सवयच झाली आहे. अशा रस्त्यावर यंत्राने सुरक्षित अंतर राखले, तरी त्या अंतरात एखादी जीप किंवा रिक्षा शिरणारच; मग यंत्रणा पुन्हा मागे सरणार आणि आपल्या मागच्या ट्रकला आपण का मंदावलो हे कळणार नाही. आम्ही चौघे-पाचजण मिळून फिरतो तेव्हा एक डावीकडे, दुसरा थोडा मागे उजवीकडे, अशा तिरक्या ओळीत चालतो. रडारने त्यातल्या नेमक्या कोणाला पुढचे वाहन मानावे, हा प्रश्न जर्मन अभियंत्यांनाही पडला होता, आणि २०२४ मध्ये बॉशने गटाने फिरणाऱ्यांसाठी वेगळी सोय जाहीर केली ती त्यामुळेच.

ही सोय जिथे खरोखर शोभेल असे रस्ते महाराष्ट्रात आहेत, पण तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी, ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी. उरलेल्या चौपदरी महामार्गांवर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर. वीस लाखांच्या घरातली मोटारसायकल घेणाऱ्याने हे रडार खंबाटकी घाटात वापरायचे का? बंदी उठवावी की नाही हा या पत्राचा विषय नाही. तूर्त ती आहे, एवढे गृहीत धरूनच या सोयीचे मोल ठरवावे लागेल.

याउलट त्याच तंत्राचा दुसरा भाग, म्हणजे मागे पाहणारे रडार, आपल्याला आज हवे आहे, आणि आपल्या लेखात त्याला जेमतेम दोन वाक्ये मिळाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. अपघातांच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून धडक बसण्याचा होता. मागचे रडार बाजूने किंवा मागून वेगाने येणाऱ्या वाहनाची सूचना आरशाजवळच्या दिव्याने देते, आणि केवळ इशारा देण्याच्या या कामात ते थ्रॉटलला किंवा ब्रेकला हात लावत नाही. त्यामुळे जुन्या रायडरांचा आक्षेप इथे लागूच होत नाही. (आरसे काढून ठेवून फिरणाऱ्या पोरांच्या गाडीला तो दिवा कुठे बसवायचा, हा प्रश्न अर्थात राहतोच.) हे तंत्र वीस लाखांच्या गाड्यांपुरते राहिलेले नाही. बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेल्या एक्स-४७ या विजेवरच्या मोटारसायकलमध्ये मागचे रडार आहे, आणि तिची किंमत वीस लाखांहून कितीतरी कमी आहे.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलही असेच खाली उतरेल, याबद्दल मला शंका नाही. साधे क्रूझ कंट्रोल काही वर्षांपूर्वी केवळ महागड्या गाड्यांत मिळत असे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिरोने ते १२५ सीसीच्या ग्लॅमर एक्समध्ये दिले. उद्या रडार त्या वर्गात आले, तर त्या गाडीवर मागे कोण बसणार आहे याचा विचार आजच व्हायला हवा. टूरिंगच्या मोटारसायकलवर मागच्या माणसाला पाठीला आधार आणि धरायला दांडे असतात. १२५ सीसीवर साडी नेसून एका बाजूला बसलेली, मांडीवर लहान मूल घेतलेली बाई असते. चालकाने न लावलेल्या ब्रेकचा धक्का सर्वांत आधी तिला बसेल.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. मागच्या रडारला सरकारने आणि कंपन्यांनी प्राधान्य द्यावे आणि त्याची किंमत उतरेल असे पाहावे. पुढच्या रडारची सोय ज्यांना हवी त्यांनी खुशाल घ्यावी, पण तिची जाहिरात आरामाची सोय म्हणूनच व्हावी. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. तिने या यंत्रणेसाठी चाचणी ठरवताना दोन ट्रॉल्या ओढणारा विनादिव्याचा ट्रॅक्टर, लेनमध्ये उभे असलेले वाहन, मध्येच शिरणारी रिक्षा आणि मागच्या सीटवर एका बाजूला बसलेली व्यक्ती या चार गोष्टी त्यात घ्याव्यात, आणि यंत्रणा कुठे चालते व कुठे चालत नाही याचा कागद ग्राहकाला गाडी नोंदवण्याआधी मराठीत मिळावा.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक, कराड