दोन ‘मीं’ना एकाच उत्तरात कोंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवी परीक्षा जवळ आल्या की मार्गदर्शकांत आणि अभ्यासपुरवण्यांत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) यांच्या तुलनेचं एक ठरीव उत्तर छापून येतं: दोन्हीकडे प्रथमपुरुषी निवेदन आहे, म्हणून अनुभवाला जिवंतपणा आला आहे. हे वाक्य कुठल्याही दोन कादंबऱ्यांना चिकटवता येईल. निवेदक ‘मी’ म्हणतो, एवढ्यानं तंत्र कळत नाही. तो ‘मी’ कुठे उभा आहे आणि काय लपवतो, ते पाहावं लागतं.

ते पाहण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही पुस्तकांतून निवेदनाचं एकेक पान घ्यावं. संवादांनी भरलेलं पान नको, तिथे फरक दिसत नाही. ते पान तृतीयपुरुषात लिहून काढावं: ‘मी’च्या जागी ‘बनगरवाडी’त ‘मास्तर’ आणि ‘कोसला’त ‘पांडुरंग’, ही त्या-त्या निवेदकाची नावं. इथे विद्यार्थी हमखास घसरतात. सर्वनाम बदलतात, पण ‘गेलो’, ‘वाटलं मला’, ‘आमच्या’ तसंच ठेवतात; मग पान विस्कळीत होतं आणि दोष मूळ लेखनावर जातो. क्रियापदं आणि संबंधदर्शक शब्दही बदलले, तरच ताळा बरोबर येतो.

‘बनगरवाडी’चं बहुतेक पान या बदलानंतरही उभं राहतं. औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर आलेला हा तरुण शिक्षक कारभारी, आयबू, शेकू, रामा यांना पाहतो, ऐकतो आणि त्यांना पुढे येऊ देतो. निवेदन प्रमाण मराठीत, माणसांचं बोलणं माणदेशी. या दोन भाषांमधल्या अंतरातूनच मास्तर बाहेरचा आहे हे सतत जाणवत राहतं, लेखकाला ते वेगळं सांगावं लागत नाही. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) लिहिणाऱ्या हाताला व्यक्तिचित्रं सुटी ठेवून एका धाग्यात ओवणं साधलेलं होतं. इथे तो धागा म्हणजे मास्तरचं तिथे असणं.

पण एका जागी हा बदल फसतो, आणि माझ्या मते तुलनेतला सर्वांत मोलाचा मुद्दा तिथेच आहे. वस्तीतल्या अंजी या मुलीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात मास्तरविषयी संशय येतो. तृतीयपुरुषी निवेदक मास्तरच्या निर्दोषपणाची ग्वाही देऊ शकला असता. इथे आपल्या हाती फक्त मास्तरचा शब्द असतो. एरवी खिडकीसारखा पारदर्शक असलेला ‘मी’ अचानक पक्षकार होतो. अशी जागा शोधल्याशिवाय ‘साक्षी निवेदक’ (घडतं ते केवळ पाहून सांगणारा) हे लेबल लावू नये.

‘कोसला’चं पान मात्र लगेच कोसळतं. पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरच्या तोंडचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ तृतीयपुरुषात कुणाचे मानायचे? गंभीर होण्याची वेळ आली की तो त्यांच्या आड जातो. ती त्याची ढाल आहे, शैलीची नक्षी नव्हे. संवादही पुष्कळदा अवतरणचिन्हांशिवाय निवेदनात मिसळतात, म्हणजे इतरांचं बोलणं त्याच्या सुरातूनच आपल्यापर्यंत येतं. माडगूळकर माणसाला त्याची बोली देऊन मोकळं करतात. नेमाडे साऱ्या पुण्याला, वसतिगृहाला, खाणावळीला पांडुरंगच्या आवाजात बंद करतात.

आणि हा आवाज सलग नाही. मध्येच रोजनिशीच्या नोंदी, मध्येच भविष्यातल्या इतिहाससंशोधकांच्या थाटातलं विडंबन. रोजनिशी लिहिणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत नसतं, आठवून सांगणाऱ्याला माहीत असतं. एकाच ‘मी’ची ही दोन ज्ञानं वेगळी दाखवली नाहीत तर उत्तर अर्धं राहतं. मग पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग वाचावा. तिथे ढाल पुरत नाही, आणि ती आधी शेकडो वेळा वापरलेली असल्यामुळेच तिचं न पुरणं वाचकाला सोसत नाही. हा परिणाम त्या एका प्रकरणाचा नाही, मागच्या सगळ्या पानांचा आहे. म्हणून तेवढाच उतारा वेचून शिकवणं मला चूक वाटतं.

‘बनगरवाडी’त दुष्काळ पडतो आणि वस्ती उठून जाते, तेव्हा निवेदन आपला सूर बदलत नाही. पाहणाऱ्याच्या त्याच भाषेत गाव रिकामं होतं. दुःख सांगण्याच्या या दोन पद्धतींत डावं-उजवं ठरवू नये. कुठली पद्धत कुठल्या ‘मी’ला शक्य होती, एवढं विद्यार्थ्याला मांडता आलं तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत.

आपल्या अभ्यासपुरवणीत तयार उत्तराऐवजी या दोन कादंबऱ्यांचे छोटे उतारे परवानगीनं शेजारी शेजारी छापावेत आणि खाली पुनर्लेखनासाठी कोरी जागा सोडावी, ही विनंती.

आपली,
मराठीची एक अध्यापिका, सातारा