बालविभागाच्या कपाटाचं कुलूप आधी काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका निवृत्त सरांचं पत्र छापून आलं, मुलं वाचत नाहीत, मोबाईलने वाट लावली वगैरे. मोबाईलचं राहू दे, त्यावर सगळेच बोलतात. मी तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सांभाळते आणि मला सरांना एवढंच विचारायचंय की सर, तुमच्या गावच्या वाचनालयात मुलांची पुस्तकं कुठे ठेवलीत ते कधी जाऊन बघितलंय का? मी बघितलेल्या बऱ्याच ठिकाणी ती काचेच्या कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते काउंटरवर मोठ्यांची देवघेव करत बसलेले असतात. पोराने काचेवर बोट ठेवून दाखवायचं, ते नाही, त्याच्या बाजूचं, नाही हो खालचं, आणि दोनदा काढून दिलं की तिसऱ्यांदा "एक काय ते ठरव आधी" हे ऐकून घ्यायचं. आता आतली चित्रं न बघता सात वर्षांच्या मुलाने ठरवायचं तरी कसं? आपण साडी घ्यायला गेलो की दुकानदाराला पंधरा साड्या उलगडायला लावतो आणि वर न घेता बाहेर पडतो, तिथे कोणी काही म्हणत नाही.

पण मला कुलूप लावणाऱ्यांना शिव्या द्यायच्या नाहीत, कारण ते का लावतात ते मला पक्कं माहितीये. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. छोट्या गावातलं ड वर्गाचं वाचनालय घ्या, त्याला वर्षाला ३०,००० मिळायचे, २०२२ साली सरकारने ६० टक्के वाढ दिली म्हणजे झाले ४८,०००. त्यातले अर्धे पगाराला. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार, आणि उरलेल्या अर्ध्यात पुस्तकं, पेपर, लाईटबिल, भाडं सगळं. आता अशा माणसाच्या ताब्यातलं अडीचशे रुपयांचं रंगीत चित्रांचं पुस्तक हरवलं किंवा फाटलं आणि वर्षअखेरीला पुस्तकमोजणीत दाखल नोंदवहीतला नंबर जुळला नाही, तर वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातले कोणीतरी म्हणणार, बघा बुवा, तुमची जबाबदारी आहे, भरून द्या. मी आधी जिथे होते तिथे हे होताना बघितलंय. मग तो माणूस कुलूप नाही लावणार तर काय करणार? मीसुद्धा लावलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मुलांची पुस्तकं फाटणार, हरवणार, त्यांच्यावर वरण सांडणार हे धरूनच चालायला पाहिजे आणि तो खर्च दरवर्षी आधीच बाजूला काढून ठेवायला पाहिजे. हे काही मी पदरचं सांगत नाहीये. केंद्र सरकारचे जे सामान्य वित्तीय नियम आहेत, २०१७ चे, त्यात २१५ नंबरचा नियम खास लायब्ररीतल्या पुस्तकांसाठी आहे. तो सरळ सांगतो की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजावं, फक्त त्यात कोणाचा अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नको. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांना आहे, आमच्यासारख्या वाचनालयांना तो आपोआप लागू होत नाही हे मान्य. पण जिथे टाचणीचासुद्धा हिशोब ठेवतात तिथे जर पाच पुस्तकं सोडून देता येतात, तर आमच्या कार्यकारी मंडळांना एक साधा ठराव करायला काय हरकत आहे? हजाराला पाच मोठ्यांच्या पुस्तकांसाठी ठेवा, मुलांसाठी त्याहून जास्त ठेवा, कारण चार वर्षांचं मूल पुस्तक आधी तोंडात घालतं आणि मग वाचतं.

आणि फाटतं म्हणजे तरी काय हो. मुलांची पातळ पुस्तकं मधोमध दोन पिना मारलेली असतात. आमच्याकडे पावसाळ्यात त्या पिना गंजतात, गंज कागद खातो आणि मधली पानं आपोआप सुटतात, त्यात पोराचा काही दोष नसतो, दोष त्याच्या नावावर लागतो एवढंच. मी नवीन पुस्तक आलं की पिना काढून टाकते आणि सुई-दोऱ्याने शिवते, पाच मिनिटांचं काम आहे, मग ते वर्षानुवर्षं चालतं. आणि कृपा करून सेलोटेप लावू नका, लोक घरून मोठ्या प्रेमाने लावून आणतात, पण दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते, चिकट डाग सोडते आणि निघताना अक्षरं घेऊन निघते. पातळ टिश्यू कागद आणि मैद्याची खळ, खळीत चिमूटभर मोरचूद, बस. (मोरचूद विषारी असतं, त्यामुळे ती खळ मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही, मी रिपेअरिंग वाचनालय बंद झाल्यावरच करते.)

दुसरी गोष्ट वाचनालयाच्या कार्डासाठी लागणारी अनामत आणि पत्त्याचा पुरावा. नोव्हेंबरात कारखाना सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, नगरकडच्या, त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाची ढीगभर मुलं असतात. ही मुलं वाचनालयात आली तर फॉर्मवर पत्ता काय लिहायचा? आज या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. गळीत हंगाम संपला की गेली. नियमाने त्यांना कार्ड मिळत नाही. मी त्यांना कार्डाशिवाय बसून वाचू देते, दोन-चार पुस्तकं कोपीवरपण देते, एका वहीत नुसतं मुलाचं नाव आणि मुकादमाचं नाव लिहून. सगळी परत येतात असं नाही. पण जी येत नाहीत ती कुठल्यातरी बैलगाडीतून बीडला गेलीत, रद्दीत नाही गेलीत, माझ्या मते ही देवघेवच झाली.

दंडाचंही तेच. दिवसाला रुपया दंड म्हणून आपण मुलाकडून पाच-दहा रुपये मिळवतो आणि ते मूल घरी बोलणी बसतील म्हणून पुस्तक लपवून ठेवतं आणि यायचंच बंद होतं, म्हणजे पुस्तकही गेलं आणि वाचकही. अमेरिकेत शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीने २०१९ च्या ऑक्टोबरात उशिराचा दंडच काढून टाकला तर घरोघरी अडकलेली पुस्तकं उलट जास्त परत यायला लागली. एवढं मोठं शहर ते करू शकतं, आमचा बालविभागाचा दंड तर वर्षाच्या चहाच्या खर्चाएवढाही जमत नसेल.

१२ ऑगस्टला आपण सगळीकडे डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो, ग्रंथपाल दिन म्हणून. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम लिहिले त्यातला पहिलाच नियम आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. तो फोटो कुठे लावलेला असतो? तुम्हीच जाऊन बघा, बऱ्याचदा त्याच कपाटाच्या वर.

जागेबद्दल बोलायला गेले तर पत्र लांबेल. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेने बालविभागाची खोली घेतली ही आता गावोगावची गोष्ट आहे आणि अभ्यासिकेची फी येते, बालविभागातून काही येत नाही, त्यामुळे मंडळालाही फार दोष देता येत नाही. पण मुलांना एक सतरंजी आणि त्यांच्या हाताला येतील असे दोन उघडे रॅक पुरतात. नंबर लावून मांडायची गरज नाही, ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबरी हे मुलांना काय कळणार. मी चिकट्या लावल्यात, लाल भुताची, हिरवी प्राण्यांची, पिवळी हसायची. लाल रॅक कायम रिकामा असतो.

शेवटी पुस्तकं दान करणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. घर आवरताना निघालेली अकरावी-बारावीची गाईडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं आणि वाळवी लागलेले दिवाळी अंक बालविभागाला नको आहेत, ते आम्हालाही रद्दीतच घालावे लागतात आणि रिक्षाचं भाडं वर. त्याऐवजी बाइंडिंगचा दोरा द्या, टिश्यू कागद द्या. नाहीतर हंगाम सुरू झाल्यावर शनिवारी दुपारी कोप्यांवर पुस्तकांची पेटी घेऊन जायला कोणीतरी गाडीवाला माणूस द्या, पेट्रोलचे पैसे वाचनालय देईल, तेवढं मी मंडळाकडून मंजूर करून घेतलंय.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, बालविभाग
(जि. सांगली)