पत्रिकेतलं बोडोनी इटालिक

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूसाठी तू निवडलेलं बोडोनी इटालिक, म्हणजे बोडोनी फाँटचं तिरपं वळण, देखणं आहे, त्यात वादच नाही. पण वेळ, पत्ता, फोन नंबर असं सगळंच त्यात लावायचा बेत मात्र सोड. नावं आणि फार तर एखादी ओळ, बस.

कारण त्या वळणाच्या घडणीतच आहे. जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसाएवढी, आणि मधलं काही नाही. आपल्या बोरूचं टोक कापलेलं असतं, त्यामुळे हात जसा वळेल तशी रेघेची जाडी बदलते. बोडोनीत मनात धरलेली निब टोकदार आहे: खाली ओढताना दाबली की फाकते, वर नेताना मिटते. इंग्लिश मुद्रक बास्करव्हिलने 1757 मध्ये बर्मिंगहॅमला गुळगुळीत कागदावर त्या दिशेने पाऊल टाकलं, पुढे इटलीतल्या पार्म्याला मुद्रक बोडोनी आणि पॅरिसला दीदो यांनी ते टोकाला नेलं. इटालिक मात्र त्याहून कितीतरी जुनं. व्हेनिसमध्ये प्रकाशक आल्दस मनुत्सिओसाठी अक्षरं कोरणाऱ्या ग्रिफोने ते कोरलं आणि 1501 पासून अख्खी पुस्तकं त्यात निघाली. ती सहज वाचता येत, कारण जाड-बारीकातला फरक बेताचा होता.

आता हिशेब कर. समज, अक्षराच्या मापाचे हजार भाग केले आणि बारीक रेघ त्यातले वीस भाग आहे. 60 पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या मापाचं एकक, इंचाचा बहात्तरावा भाग) ती 1.2 पॉइंट, म्हणजे 0.42 मिलिमीटर भरते, झकास दिसते. 10 पॉइंटला तीच 0.07 मिलिमीटर. 600 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 600 ठिपके टाकणाऱ्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका 0.042 मिलिमीटरचा, म्हणजे रेघेच्या वाट्याला पावणेदोन ठिपकेही येत नाहीत. मग कुठे एक पडतो, कुठे दोन, आणि एकाच शब्दात काही रेघा तुटक तर काही ठसठशीत दिसतात. फाँटला दोष देऊ नकोस, तुझं प्रूफ लेझरवर, म्हणजे चुकीच्या यंत्रावर काढलंय. ऑफसेटची प्लेट 2400 डीपीआयवर निघते, तिथे सहा-सात ठिपके मिळतात. पण मॅपलिथोसारखा शोषणारा कागद असेल तर शाई पसरते आणि अक्षरांची पोटं भरतात. आर्ट पेपरवर हा त्रास कमी.

खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा पंच, म्हणजे अक्षराचा पोलादी ठसा, वेगळा कोरत. लहान मापात कोरणारा बारीक रेघ थोडी जाड ठेवी. बोडोनीच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने 1818 मध्ये काढलेल्या नमुनापुस्तकात 142 रोमन वळणं आणि त्यांच्या जोडीची इटालिकं आहेत. हल्ली एकच आकृती हव्या त्या मापाला ताणली जाते, तिथेच घोळ होतो. म्हणून मापागणिक आकार बदलणारा फाँट घे. फुकटातलं बोडोनी मोडा चालेल: त्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष, म्हणजे कोणत्या मापासाठी आकार हवा ते सांगणारा आकडा, 6 ते 96 आहे आणि इटालिकही आहे. नावांना वरचा आकडा, 12 पॉइंटच्या ओळीला 12च्या आसपासचा. 'डिस्प्ले' नावाचा, मोठ्या मापासाठीचा कट 12 पॉइंटला कधीच लावू नकोस.

इटालिक खरं आहे ना, तेही बघ. इटालिकची फाइल नसेल तर काही सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतं. छोटा 'ए' पाहा: सरळ वळणात त्याच्या डोक्यावर छत्री असते, इटालिकमध्ये ती जाऊन एकच पोट उरतं. बहुतेक वळणांत 'एफ'सुद्धा ओळीखाली शेपूट सोडतो. दोन्ही नसेल तर ते सोंग आहे.

गडद मरून पार्श्वभूमीवर पांढरी नावं हवीत म्हणालास. चार रंगांच्या मिश्रणातून पांढरं अक्षर सोडलं आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हललं की बारीक रेघ पहिली बुजते. तो मरून स्वतंत्र स्पॉट रंगाने, म्हणजे त्याच रंगाच्या एकाच शाईने छाप. सोनेरी फॉइल करायचं तर पाव मिलिमीटरहून बारीक रेघ मी तरी देणार नाही. वरच्याच हिशेबाने 36 पॉइंटांखालची अक्षरं फॉइलला नकोत.

मांडणीत तीन गोष्टी सांभाळ. छोट्या इटालिक अक्षरांत जागा पसरवू नकोस, त्यांचा ओघ तुटतो. अख्खं नाव मोठ्या इटालिक अक्षरांत नको, कुंपण पडायला आलंय असं वाटतं. आणि तिरप्या अक्षरानंतर सरळ कंस आला तर टोक त्यावर आदळतं, तिथे हाताने कर्निंग कर, म्हणजे दोघांमधली जागा जुळव. दोन नावांमधलं 'अँड'चं चिन्ह मात्र बिनधास्त मोठं घे. या वळणाचं सगळं नखरेल कसब तिथे एकवटलेलं असतं.

मराठी बाजूला तिरपं करण्याचं बटण दाबू नकोस. देवनागरीला इटालिकची परंपरा नाही. काना कलतो, शिरोरेषा आडवीच राहते आणि गोलाई विस्कटते. जोड हवीच असेल तर रोझा वनसारखं ठळक जाड-बारीक वळण मोठ्या नावांपुरतं घे, बाकी मजकूर साध्या वळणात. पॉइंटचे आकडे जुळवत बसू नकोस. शिरोरेषेखालचं अक्षर इंग्रजी छोट्या अक्षरापेक्षा किंचित उंच दिसेल इतपत माप डोळ्याने ठरव.

छापखान्याकडून प्रूफ त्याच कागदावर, खऱ्या मापात माग. स्क्रीनवर दुप्पट करून पाहिलेलं धरू नकोस. पत्ता आणि फोन कशात लावायचे ते ठरलं की फाइल पाठव, कर्निंग मी बघतो.

तुझा,
अविनाश