करिअर पानावर न दिसणारा कन्सल्टंट

संपादक साहेब, नमस्कार.

करिअरच्या पानावर कन्सल्टंट म्हटलं की सूटबूट आणि पीपीटी एवढंच येतं म्हणून लिहितोय. मी प्रादेशिक मनुष्यबळ विकासात सल्लागार आहे, म्हणजे एखाद्या भागातल्या कंपन्यांना कसली माणसं लागतात, तिथल्या मुलामुलींना काय येतं आणि मधली गॅप कशी भरायची हे बघायचं. मालक म्हणतो स्किल्ड माणूस मिळत नाही, आणि खोदून विचारलं की कळतं पगारच इतका कमी की टिकणार कोण! तिथे कोर्स काढून उपयोग नाही, हे तोंडावर सांगणं हाच अर्धा जॉब.

अभ्यासक्रम ठरवायला डेकम नावाची कॅनडात सुरू झालेली पद्धत मला आवडते, त्यात साहेबांऐवजी ते काम रोज करणाऱ्यांनाच बसवून कामांची यादी काढतात. आणि ट्रेनिंगचा उपयोग झाला का याच्या मोजमापाचं म्हणाल तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या मांडल्या, प्रतिक्रिया, शिकणं, वागणुकीतला बदल आणि परिणाम, पण आमच्या फिल्डमधले बरेच रिपोर्ट अजून पहिल्याच पायरीवर, म्हणजे फीडबॅक फॉर्म भरला की संपलं (फोटो मात्र भरपूर). सहा महिन्यांनी तो मुलगा नोकरीत आहे का, हे विचारायला बजेटच नसतं.

ज्यांना यात यायचंय त्यांनी आधी भरती किंवा ट्रेनिंगमध्ये काही वर्षं काढावीत, रोजगाराची आकडेवारी वाचायला शिकावं, आणि पहिल्याच करारात फॉलोअपचे पैसे वेगळे लिहून घ्यावेत.

पत्र छापताना काटछाट केली तरी चालेल, फक्त पगाराचं वाक्य ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक