हैदराबादला जायलास, पण जरा दमानं

प्रिय दोस्ता,

तुझा प्लॅन वॉट्सअपवर आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, हरभऱ्याच्या मर रोगावर औषध मागायला आलेलं, आणि मी मोबाइलमधे बघून एकटाच हसायलो म्हणून तो बिचारा माझ्याकडं बघत बसला. रात्री दहाला अंबाजोगाई सोडायची, गाडी तूच चालवायची, सकाळी हैदराबादला आंघोळी उरकून डायरेक्ट रामोजी फिल्म सिटी. दुसऱ्या दिवशी वंडरला, ते राइडवालं पार्क. तिसऱ्या दिवशी चारमिनार, सालारजंग म्युझियम, गोळकोंडा किल्ला, बिर्याणी, आणि त्याच रात्री परत. वरून खाली लिहिलंस, "कसाय प्लॅन, कडक ना?"

कडक आहे बाबा. लईच कडक आहे. तंतोतंत हाच प्लॅन मी दोन वर्षांमागं मे महिन्यात केला होता, फक्त गोळकोंड्याच्या जागी झू होतं. तेव्हा कुणालाच धड सांगितलं नाही, फोटो टाकले आणि गप्प बसलो. आता तू त्याच खड्ड्यात पाय टाकायलास म्हणून निवांत बसून लिहितोय, फोनवर तू ऐकून घेत नाहीस, मधेच "हो रे हो रे" करतोस.

तर ऐक. आम्ही रात्रीचं निघालो, मी, ही, दोन्ही लेकरं आणि अण्णा. झहीराबादला मध्यरात्री चहा घेतला, पुढं हायवेवर डोळे मिटायले म्हणून खिडकी उघडी ठेवून चालवली. सकाळी रूमवर तोंड धुतलं न धुतलं की रामोजी. आता रामोजी म्हणजे काय, १९९६ साली सुरू झालेलं, १,६६६ एकर, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नाव. आपल्याकडं एखाद्या गावाचा अख्खा शिवार एवढा असतो. तिकीट काढलं की बसनं आत नेतात, ते अंतरच बरंच आहे, मग दुसऱ्या बसमधून सेट दाखवतात, गाइड सांगत असतो की ही बिल्डिंग पुढून एक दिसते आणि मागून दुसरी. सकाळी मजा आली, खोटं नाही बोलणार. पण मे महिना, एक वाजता डांबर नुसतं तापलेलं, आणि माझ्या खिशात काय काय बघायचं त्याचा कागद, त्यावर अजून सात-आठ गोष्टी राहिलेल्या.

एका राजवाड्याच्या सेटसमोर अण्णा पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "तुमी जा, मी हितंच बसतो." आणि मी काय म्हणलं माहितीय का? मी म्हणलं, "अण्णा, एवढं तिकीट काढलंय, असं बसून कसं चालंल." ते काही बोलले नाहीत. टोपी घातली, पायरीला हात टेकून उठले, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या मागं चालत राहिले. रात्री गुडघा असा सुजला की पायजमा वर सरकेना. ही बर्फ आणायला खाली गेली आणि मी बाथरूममधे जाऊन उगीच नळ सोडून उभा राहिलो. ते वाक्य मला अजून झोपताना आठवतं. तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात आपण बापाकडून वसुली करायलो, अजून काय.

दुसरा दिवस वंडरला. अण्णा रूमवर, ही त्यांच्यापाशी, मी एकटा दोन लेकरं घेऊन. उशिरा निघालो, पोहोचलो तोवर बारा वाजून गेलेले, म्हणजे बरोबर जेव्हा सगळ्या लाइनी फुललेल्या असतात तेव्हा. तिथं मोठ्या राइडला १४० सेंटिमीटर उंची लागते, दारातच पट्टी लावलेली असते. आमची बारकी भरली १३२. तिनं केसांचा बुचडा वर करून बांधला, टाचा उचलल्या, त्या राइडवाल्या पोरानं हसून तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. मग जे रडणं सुरू झालं! चूक तिचीही नाही आणि त्या पोराचीही नाही, घरून टेपनं मोजून आणलं असतं तर आधीच समजावून सांगता आलं असतं. दादाला एकट्याला सोडलं रिकॉइलवर, तेही पोटभर बिर्याणी खाऊन. ही रिकॉइल काय करते, गाडी आधी मागं ओढत उंचावर नेते, मग सोडून देते, तीनदा डोकं खाली पाय वर, आणि पुढच्या टोकाला पुन्हा वर चढवून तोच सगळा रस्ता उलटा. म्हणजे सहा पलट्या, त्यातल्या तीन मागं मागं जात. बिर्याणी कुठवर टिकणार. पुढचं लिहीत नाही, तू जेवताना वाचत असशील.

तिसऱ्या दिवशी कुणी उठलंच नाही. झू राहिलं, चारमिनार गाडीतून बघितला, म्हणजे त्याचा वरचा भाग.

आपल्या उदगीरचं तुला माहितीय, १७६० ला भाऊसाहेबांनी इथं निजामाला हरवलं आणि तिकडून तसेच वर निघाले, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत. आमचे इतिहासाचे सर सांगायचे तेव्हा मी झोपलेलो असायचो, पण त्या तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या गादीवर पडल्या पडल्या मला ते बरोबर समजलं.

मग मागच्या डिसेंबरात परत गेलो. हिनं आधीच बजावलं, कागद बनवायचा नाही. तरी मी मनात बनवलाच, पण एका दिवसात एकच मोठी गोष्ट, आणि दोन मोठ्या दिवसांच्या मधे एक मोकळा. बस एवढंच. तू म्हणशील सुट्ट्या कुठंयत एवढ्या. अरे दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप असतं, मास्तर लोकांनी सुट्टीचं रडगाणं गाऊ नये, दुकानदारानं गावं. आणि कॅलेंडर बघितलंस का तू? तुझा तिसरा दिवस शुक्रवार येतो. सालारजंग शुक्रवारी बंद असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की रविवारी दुपारचं जेवण करून निघा, लातूरवरून उदगीरला आमच्याकडं मुक्कामी या. वहिनींना सांग स्वयंपाकाचं काही आणायचं नाही. सोमवारी उन्हं वर यायच्या आत निघायचं, बीदर, झहीराबाद, तिथून ६५ नंबरचा हायवे, दोनशेच्या वर किलोमीटर होतात पण दिवसाउजेडी आणि झोप झालेली. शहरात शिरूच नको, पटानचेरूच्या आधीच मुत्तंगीपाशी आउटर रिंग रोडला लाग आणि बाहेरून बाहेरून जा. रूम एल.बी. नगरकडं घे. तिकडून रामोजी विजयवाड्याच्या रोडला सरळ आहे, वंडरला पण रिंग रोडला रावीर्यालपाशी, आणि मोकळ्या दिवशी गाडी जागेवर ठेवून मेट्रोत बसायचं. सोमवारी पोहोचल्यावर काही म्हणजे काही करायचं नाही. लेकरं लिफ्टमधे वर-खाली करतील, करू दे.

मंगळवारी वंडरला, आधी वंडरला, कारण पाय ताजे लागतात. मंगळवारी गर्दी पण शनिवार-रविवारच्या मानानं कमी. दार उघडायच्या अर्धा तास आधी पार्किंगला पोहोच. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून गाडीची डिक्की उघडून तिथंच धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी हाणायची, पण पोट तुडुंब नाही, आधार होईल एवढंच. आम्ही तसं केलं, शेजारच्या गाडीतले तेलुगू लोक वास घेऊन बघायले, त्यांना एक-एक धपाटा दिला, त्यांनी आम्हाला चिंचेचा भात दिला, आणि त्यांच्याच मागं मागं आत गेलो.

आत शिरलं की सगळे गेटपाशी फोटो काढत, लॉकर शोधत रेंगाळतात. तो पहिला तास सोन्याचा आहे रे. तेव्हाच मोठ्या कोरड्या राइड उरकून घे, पाच-दहा मिनिटात नंबर लागतो, त्याच राइडला दुपारी तासभर उभं राहावं लागतं. कोण लेकरापाशी थांबणार यावरून भांडू नका, एकानं जायचं, खाली यायचं, मग दुसऱ्यानं. उन्हं तापली की पाण्यात. पाण्यासाठी नायलॉनचे कपडे लागतात, कॉटन चालत नाही, तिथं विकत मिळतात पण घरून न्या. जेवण सगळे एकला करतात, तुम्ही अडीचला करा, आणि जेवल्यावर तासभर काहीही फिरणारं नको. आमची ही तर सावलीत खुर्चीवर चक्क झोपली, तोंडावर ओढणी घेऊन, आणि मी तिला उठवलं नाही. पुढं साडेचार-पाचला बरेच लोक कपडे बदलायला जातात, तेव्हा कोरड्या राइडच्या लाइनी पुन्हा पातळ होतात. फास्ट ट्रॅकचं तिकीट असतंय जास्तीच्या पैशात, मंगळवारी त्याची गरज नाही, रविवारी जाणार असशील तर घे.

बारकी तेव्हा १३९ भरली. एक सेंटिमीटर! पण यावेळी घरीच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करून मोजलं होतं, त्यामुळं रडली नाही, उलट त्या पट्टीपाशी उभी राहून राइडवाल्याला म्हणली, "नेक्स्ट इयर." तुझ्या बारक्याला पण टेप लाव, तिथं तिकीट पण उंचीवर असतं, ८५ सेंटिमीटरच्या खाली फुकट, १४० पर्यंत लहानांचं.

अण्णा वंडरलाला आलेच नाहीत. आत्याकडं राहिले. आत्याचे मिस्टर आणि ते, दोघं दख्खनीत बोलत बसले दिवसभर, आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हैदराबाद अजून राजधानीच वाटतं, १९५६ पर्यंत होतीच की. काकांना पण तू असंच कुठंतरी निवांत ठेव, तुझी मामी आहे ना तिकडं मलकपेटला?

बुधवार मोकळा. मोकळा म्हणजे कुणाला झोपायचं तर झोपावं, कुणाला इराणी चहा तर चहा. दुपारच्या आत मेट्रोनं एम.जी.बी.एस.ला, म्हणजे महात्मा गांधी बस स्टँडला उतरायचं, ऑटो करून सालारजंग. सगळे हॉल बघायच्या भानगडीत पडू नको, ते मरेस्तोवर होत नाही. त्या घड्याळापाशी जा. आतून एक छोटा माणूस निघतो आणि जेवढे वाजलेत तेवढे ठोके देतो, म्हणून बाराला सगळ्यात जास्त गर्दी, बारा ठोके ना. समोर बसायला जागा आहे. अण्णा आणि बारकी वीस मिनिटं आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले. बारा वाजले, तो निघाला, ठोके झाले, आत गेला, लोक उठले. हे दोघं बसलेलेच. अण्णा म्हणले, "एकला परत येईल की." आणि खरंच थांबले रे, एका ठोक्यासाठी अजून तासभर! मी काही बोललो नाही. मी पण खाली बसलो. गोळकोंडा तू सोड, वरपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, काकांना त्या बघूनच घाम येईल.

गुरुवारी रामोजी. सकाळी गार असताना आधी बसची चक्कर, स्टंट शो, मग दुपारभर जे काही छताखाली आहे तेच, चालायचं नाहीच. संध्याकाळी आतच युरेका नावाच्या जागेपाशी नाच-गाणी असतात, ती बघायचीत म्हणून दुपारी दम राखायचा. जे राहील ते राहू दे. अण्णा यावेळी पण पायरीवर बसले, त्याच राजवाड्यापाशी का दुसऱ्या, मला आता सगळे सारखेच वाटतात. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पाणी दिलं. ते म्हणले, "तिकीट काढलंय ना?" मी म्हणलं हो. म्हणले, "मंग बसून बघू." त्यांना मागचं आठवत होतं का सहज म्हणले, मी विचारलं नाही, माझ्यात हिंमत नव्हती.

शुक्रवारी सकाळी नाश्ता करून परत, जेवायला उदगीरला आमच्याकडं.

वेळा तिकीट काढतानाच बघून घे, वार आणि सिझनप्रमाणं बदलतात. काकांसाठी घडीचं छोटं स्टूल आहे आमच्याकडं, अण्णांचंच, ते ने. पण परत आणून दे, मागल्या येळअमावस्येला नेलेला पाण्याचा जार अजून तुझ्याकडंच आहे आणि घरात त्याच्यावरून मला रोज ऐकावं लागतंय. रविवारी किती वाजेपर्यंत येताय ते कळव, आमटी त्या हिशोबानं करायला सांगतो.

तुझाच,
उदगीरकर